भिकूचा हुंकारा

सारंगखेडे,
पौष वद्य ५, शके १८६३

चिरंजीव गिरधर यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. मुंबईची हवा मानवली, खानावळीतली भाकरी आता घशाखाली उतरते, हे वाचून बरं वाटलं. गळा जप. गार पाणी पिऊ नकोस. तुला सांगून उपयोग नाही, तरी सांगते.

इकडे यात्रेतले घोडेवाले केव्हाच पांगले. कपाशीची शेवटची वेचणी चालली आहे. आपला चुलतभाऊ दोधू यंदा बांधावरून भांडला नाही. उलट स्वतःचं काम सोडून आपल्या शेतात माणसं लावली. मीही त्याला काही बोलले नाही.

रेडिओचं विचारलंस. अरे, ऐकलं की! नथमलशेठच्या दुकानापुढं सगळं गाव लोटलं होतं. शेठ लढाईच्या बातम्यांनासुद्धा बॅटरी जपून वापरणारा माणूस, पण त्या संध्याकाळी कितीतरी आधीच सेट लावून बसला. सुकलाल पाटलांनी घरून खुर्ची आणवली. शेठची आई झमकूबाई उंबऱ्यात बसली. तुझं तुणतुणं वाजलं, तशा बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, की आपल्या गावचा माणूस त्या डब्यात कसा शिरला! गोष्ट मात्र तू झकास सांगितलीस. सासुरवाशीण वाघाच्या पाठीवर बसून माहेरी निघते, तिथं तू वाघाचा आवाज असा काही काढलास, की पुढं बसलेला उखा सरकत सरकत मागच्याच्या मांडीवर गेला.

आता तुझा प्रश्न. 'भिकूनं हुंकारा दिला, का मध्येच झोपली?' आरंभी एकदा विचारलंस आणि कडेला उभ्या ओळीत पुन्हा एकदा.

आपल्याकडे कुणी 'हं' म्हटल्याशिवाय गोष्ट सांगणारा पुढं जात नाही. हे मुंबईवाल्यांना कोण सांगणार? त्यांच्या त्या खोलीत तू, तुणतुणं आणि समोर एक यंत्र, हुंकाऱ्याला माणूस नाही म्हणून जीव घाबरतो, असं तू आधीच्या पत्रात लिहिलं होतंस. मग तूच तोड काढलीस. भिकू जिथं 'हं' म्हणते तिथं तू थांबणार, तिनं इकडे सेटपुढं 'हं' म्हणायचं, आणि ते मनाशी ऐकून तू पुढं जाणार. मी तिला ते वाचून दाखवलं, तेव्हा पोर घरभर नाचली. मग रोज भिंतीकडे तोंड करून सराव. भांडी घासतानाही 'हं'. मी एकदा वैतागून तिच्या पाठीत धपाटासुद्धा घातला.

गिरधर, उभा असशील तर खाली बस.

भिकू नाही रे. आपली भिकू गेली. तुझी गोष्ट गुरुवारी लागली, ती सोमवारीच गेली, दिवस मावळताना. दोधूनं तिला तापीवर नेलं.

आधी हिवताप समजून कोयनेल दिलं. ताप हटेना, तेव्हा दोंडाईच्याहून डॉक्टर आणला. विषमज्वर आहे, हिच्या बापाला बोलावून घ्या, असं तो स्पष्ट म्हणाला. नथमलशेठ दारातच उभा होता. म्हणाला, "बाई, तार कराले माणूस धाडू का?" ते तिनं अंथरुणातून ऐकलं. माझा पदर धरला आणि म्हणाली, "फुई, आबाले बलाऊ नको. तो आठे येई तं रेडिओमा गोट कोन सांगी? माले आयकनी शे."

आणि मी शेठला नको म्हटलं.

गावाला अक्कल शिकवणारी मी, आठ वर्षांच्या पोरीचं ऐकलं. तिच्यावर तरी कशाला ढकलू? मलाही हवं होतं. माझा भाऊ रेडिओवर बोलतो, हे सगळ्या गावाला दाखवायचं होतं. ताप उतरेल, गोष्ट झाली की तू येशीलच, अशी मनाची समजूत घातली. ती गेल्यावर वाटलं, आता तार करून तुला काय देणार? निदान गोष्ट तरी सांगू दे. सगळ्यांना हात जोडले, कुणी कळवू नका म्हणून.

त्या संध्याकाळी तू पहिल्यांदा थांबलास, तेव्हा सेट बिघडला असं वाटून शेठ खुंटी पिळायला गेला. झमकूबाईनं त्याचा हात धरला. तू दुसऱ्यांदा थांबलास. कुणी मान वर करेना. तिसऱ्यांदा मला ती शांतता सोसवेना, मी 'हं' म्हटलं. मग शेवटपर्यंत मीच म्हणत राहिले. सासुरवाशीण घरी पोचली आणि तू हसून म्हणालास, "चांगला हुंकारा दिधा, बेटी." तिथं बसलेली सगळी माणसं रडायला लागली. सुकलाल पाटील खुर्चीतून उठून अंधारात निघून गेले.

तार केली असती तर तू तिच्याजवळ दोन दिवस बसला असतास. ती तुझ्या मांडीवर डोकं ठेवून गेली असती. शेवटी शेवटी ती आबा आबा करत होती, हेही तुला सांगायलाच हवं. बिन आईची पोर तू माझ्या भरवशावर टाकून गेलास, आणि तिचा बाप मी तिला भेटू दिला नाही.

पत्र मिळताच निघ. एकटा येऊ नकोस, कुणाला तरी सोबत घे. दोंडाईच्याला शेठ तुला घ्यायला येईल. मी येणार नाही. इतक्या लोकांत तुला माझं तोंड बघावं लागू नये.

पत्राखाली नेहमी 'तुझी आक्का' असं लिहिते. आज हात होत नाही. घरी आल्यावर तू ज्या नावानं हाक मारशील ती मी. आणि हाक मारलीच नाहीस, तरी पानावर वाढून मी दाराआड उभी राहीन.

निर्मला