पेटी बिघडत नाही

गुडीहत्नूर

प्रिय हर्षदीप,

सप्रेम जयभीम. फोनवर तू घाईत असतोस आणि आई माझ्या शेजारीच बसलेली असते, म्हणून लिहायला बसले. शाळेच्या मधल्या सुट्टीत लिहिते आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तुझ्या बढतीचे पेढे आईने अख्ख्या गल्लीत वाटले होते. तेव्हा तूच तिला समजावलंस, की आधी प्रत्येक सरकारी कार्यालयात जाऊन तिथले संगणक जोडणाऱ्या स्विचला, म्हणजे आईच्या भाषेत पेटीला, नियम घालून द्यावे लागत. कोणत्या कामाला आधी वाट द्यायची, कोणतं थांबवायचं, कोणाला आतच घ्यायचं नाही. इच्चोड्याला एक नियम, उटनूरला दुसरा, असा गोंधळ. आता तू हैद्राबादला बसून एकदाच लिहिणार आणि साऱ्या पेट्या तेच ऐकणार. आई म्हणाली, "म्हंजे साऱ्या सुनायले एकच सासू." किती हसला होतास तू. त्या पेट्यांपायीच तुझी दर महिन्याला इकडे फेरी व्हायची, हे तिच्याही ध्यानात आलं नाही आणि माझ्याही.

आधी इथल्या मंडल कार्यालयात जायच्याऐवजी तू घरी यायचास, अंबाडीची भाजी नि भाकर हाणायचास, मग कामाला. तिकडे साहेब खोळंबलेले असायचे. मी रागवायची, आई मात्र तुझ्या ताटात आणखी एक भाकर टाकायची. आता ती बाजारातून येताना कार्यालयात डोकावते आणि ऑपरेटर नागेशला विचारते, "काऊन रे, तुमची पेटी बिघडत नाई का आता?" तो बिचारा कौतुकानं सांगतो, "नाई मावशी, हर्षदीपभाऊनं असं काम केलं का बिघडतच नाई. काई झालंच तं तिकडूनच नीट करून देतेत." हे कौतुक ती शेजारीपाजारी सांगते आणि मग जेवायला टाळाटाळ करते. मागच्या आठवड्यात तिनं नागेशला हळूच म्हटलं, "पेटीत जरासं पाणी सांडून देतं का?" त्यानं मला हसत हसत सांगितलं. मीही हसले. घरी येऊन मात्र रडले.

तुला दोष देत नाही रे. नोकरी आहे, घरदार आहे, सुट्टी मिळत नाही, सगळं मला कळतं. पण आदिलाबादच्या डॉक्टरांनी आईला काचबिंदू सांगितला आहे. डावा डोळा गेलाच. उजव्याला अगदी समोरचं तेवढं दिसतं, तेही फार दिवस टिकायचं नाही म्हणाले, आणि गेलेली नजर परत येत नाही. तुला कळवू नको म्हणून तिनं माझ्याकडून वचन घेतलं, "काळजीनं लेकराचं एका जागी चुकलं, तं साऱ्या जिल्ह्याचं बिघडन." ते वचन मी आज मोडते आहे. तू ये. तिला दिसतं आहे तोवर ये. काल ती विचारत होती, हर्षदीपनं दाढी ठेवली का काढली. मी म्हटलं, काऊन? तर म्हणाली, "कोणतं तोंड ध्यानात ठेवू, ते ठरवून राह्यले."

तुझीच,
रश्मीताई