तिच्या हातावरची तीन अक्षरं

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून मी तुला जन्मात कधी एक ओळ लिहिली नाही. तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. मी आता चंद्रपुरात एका चामडीच्या डॉक्टर मॅडमकडे नर्स आहे आणि तिथं काय करते हे ऐकलंस तर तू पदर तोंडाला लावून हसशील. तू आयुष्यभर आठवडी बाजारात पोतं अंथरून बायांच्या हातावर गोंदत बसलीस आणि तुझी पोरगी गोंदण काढायच्या कामाला लागली आहे. मशीन मॅडम चालवतात. मी पेशंटच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवते आणि हात धरून ठेवते. टकटक आवाज होतो, केस जळल्यासारखा वास येतो आणि गोंदणाची जागा पांढरी फुगून येते. लोक घाबरतात. मग मी त्यांना रोजचं पाठ झालेलं सांगते: ही पांढरी फूग थोड्या वेळात बसते. उद्यापर्यंत लाल होईल, सुजेल, कदाचित फोड येईल, तो फोडायचा नाही. मलम लावायचं, वर जाळीची पट्टी, आणि मलमाशिवाय घरातलं काहीही लावायचं नाही. ऊन लागू द्यायचं नाही. खपली आठ-पंधरा दिवसांत आपली आपण पडते, खाज सुटली तर खाजवायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खपली पडली तरी गोंदण तिथंच दिसेल, त्यामुळे रडत परत यायचं नाही. मशीन फक्त रंगाचा चुरा करतं. तो बाहेर काढायचं काम अंग स्वतः करतं, आठवड्यामागून आठवडे, आपण भात रांधतो, भांडणं करतो तेव्हाही. हे शेवटचं वाक्य माझं स्वतःचं आहे, मॅडमचं नाही.

मागच्या दिवाळीनंतर ती आली. आपल्या गावच्या तलावाच्या पाळीवर, बांधालगत, जिचं घर होतं, जिचा बाप जाळं टाकायचा, ती माझी मैत्रीण. गडचिरोलीहून सकाळच्या येष्टीनं मूल गावावरून आली होती आणि मनगटापर्यंत लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं. मला बघून ओळख सांगायची गरज पडली नाही. तिनं सरळ बाही वर केली. ती तीन अक्षरं अजून तिथंच होती, पहिल्या अक्षरावर जळल्याचा जाड वण. लग्नाच्या आधी तिनं बिब्बा घासून ते जाळायला बघितलं होतं.

"सासरी मी सांगितलं का देवाचं नाव हाय," ती म्हणाली. "सासूले वाचता येत नाई, नवरा पाहत नाई. पण पोट्टी दुसरीत गेली न आता. साबनाचा कागद वाचते, येष्टीची पाटी वाचते. दिसन ते वाचून राह्यली. परवा चौकातल्या दुकानाची पाटी वाचली."

त्या दुकानाच्या पाटीवर तेच नाव आहे, माय. आपल्या गावचाच तो मुलगा, आता तिच्या सासरच्या गावात किराणा टाकून बसला आहे. पोरीनं उद्या आईचा हात वाचला आणि चार लोकांत विचारलं, की दुकानवाल्याचं नाव तुझ्या हातावर काऊन, तर तिच्या घरात काय होईल हे मला कुणी समजावून सांगायला नको. ती पोरीला आंघोळ घालतानाही बाही खाली ओढायची. "लवकर निघन का?" तिनं विचारलं. मी हो म्हणाले, आणि माझे कान गरम झाले.

तो दिवस तुला आठवतो का? तू शेजारच्या गावी एका नवरीला गोंदायला गेलेली. मी सातवीत आहे, हस्ताक्षराचं बक्षीस मिळालेली, त्यामुळे डोकं ठिकाणावर नाही. सुयांची जुडी खुंटीवर आहे, करवंटीत काजळी आहे. तुझा नियम मला माहीत आहे. तू ठिपके गोंदायचीस, तुळस गोंदायचीस, विंचू गोंदायचीस. अक्षर कधीच नाही. जत्रेत मशीनवाले नावं काढायला लागले तेव्हा बाया तुझ्याकडेही नावं मागायच्या आणि तू म्हणायचीस, "जे मले वाचता येत नाई ते मी दुसऱ्याच्या आंगावर कशी लिवू?" मला तो निव्वळ अडाणीपणा वाटायचा. मला तर येत होतं. ती आपल्या ओसरीवर बसली आहे, लहान भावंडं सांभाळायची म्हणून शाळेत कधी न गेलेली, आणि हात पुढे करून वेणीचं टोक दातात धरते आहे. मी तीन अक्षरं गोंदली. सुबक आली, एकही ठिपका वाकडा नाही.

खपली पडली आणि तलावाच्या पाळीवर मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. माझ्या वर्गातल्या मुलाचं नाव. तू बाजारातून आलीस ती तशीच, डोक्यावरचं गाठोडंही न उतरवता. मला एक ठेवून दिलीस. मी म्हणाले, तिनंच सांगितलं. मग तू तिच्या घरी गेलीस आणि मी तुझ्यामागं. तिच्या बापासमोर तू तिला विचारलंस, "तूच सांगितली का वं हे नाव लिवाले?" तिनं माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हो बाई, मीच म्हटली." तू तिला जे बोललीस ते सगळ्या आळीनं ऐकलं. त्यानंतर तू सुया परत माझ्या हातात दिल्या नाहीस, तुझे डोळे गेले तरी दिल्या नाहीस. त्याचा राग मी कितीतरी वर्षं पोसला.

पहिली बैठक चांगली झाली. मॅडमनी माझं माणूस म्हणून तिला आधी घेतलं. ती रडली नाही, फक्त वेणीचं टोक तोंडात. पट्टी बांधताना आम्ही गावाकडचं बोलत होतो, कोण गेलं, कोणाचं लग्न झालं, आणि त्याच बोलण्यात मी तिला पथ्यही सांगून टाकलं. नेहमीचं शहरातलं पाठ केलेलं नाही. आपल्या भाषेत बोलायला लागले आणि तोंडातून तू निघालीस: "सात दिवस हळद-तेल लावजो, सकाळचं कोवळं ऊन दाखवजो, मंग जखम धरते." हजार वेळा तुझ्या पोत्याशेजारी बसून ऐकलेलं. मला पत्ताही लागला नाही. गोंदल्यावर करायचं ते मी गोंदण काढल्यावर करायला सांगितलं, आणि तिनं ते तंतोतंत केलं, कारण ते तुझे शब्द होते आणि तुझ्या हातचं गोंदण आपल्या गावात कुणाचं कधी पिकलं नव्हतं.

बाराव्या दिवशी ती आली तेव्हा पट्टी चिकटलेली, फोड फुटलेला, पू, भोवतालची कातडी उन्हानं काळी पडलेली आणि सगळा हात पिवळाजर्द. मॅडम भडकल्या. "कोणी सांगितलं होतं हळद लावायला?" बाहेर बाकावर पाच-सहा पेशंट, दार उघडं. तिनं माझ्याकडं बघितलं, अगदी तसंच, आणि म्हणाली, "मीच लावली जी मॅडम. घरची सवय."

माय, मी आता पस्तिशीला टेकलेली बाई. या वेळी मी बोलले. "मी सांगितलं होतं, मॅडम. माझी चूक आहे." मॅडमनी सगळ्यांसमोर माझी हजेरी घेतली, नोकरी जाते की काय असं वाटलं, आणि तरी मला आतून इतकं हलकं वाटत होतं की मी मान खाली घालून जवळजवळ हसत उभी होते. तिनं मला बाहेर आल्यावर विचारलं, "पागल झाली का? मी सांगितलं होतं न मॅडमले?"

आठ दिवस तिला मी माझ्याच खोलीवर ठेवून घेतलं. रोज दोनदा जखम धुवायची, मलम, जाळी. ती भाकरी थापायला उठली की मी ओरडायची. मी जुनं काही काढायला गेले की ती म्हणायची, "हळू वं, खपली निघन." जखम भरली. वण थोडा उरलाच, त्याला माझा इलाज नाही. दुसरी बैठक दोन महिने पुढं गेली आणि तेवढ्या काळात तिनं पोरीला सांगितलं की हाताला भाजलं आहे, पट्टी सोडायची नाही. दुसऱ्या बैठकीनंतर मात्र बघण्यासारखं झालं. मॅडम म्हणाल्या, घरच्या काजळीचं गोंदण जत्रेतल्या शाईपेक्षा लवकर निघतं. शेवटचं अक्षर आधी गेलं, मग मधलं. कातडी तिथं गुलाबी, मग फिकी, आणि हळूहळू तिच्या रंगावर येऊ लागली. दर खेपेला ती खिडकीशी जाऊन हात उजेडात धरायची आणि मला बोलवायची. आम्ही दोघी त्या रिकाम्या जागेकडं बघत राहायचो.

परवा शेवटची बैठक झाली. आता तिथं एक जुना डाग आहे आणि बिब्ब्याचा वण आहे, नाव नाही. पोरगी या वेळी सोबत आली होती, बाकावर बसून भिंतीवरचे सगळे कागद मोठमोठ्यानं वाचत होती. तिनं आईच्या हाताकडं ढुंकूनही बघितलं नाही. मी नेहमीप्रमाणे संमतीच्या कागदावर अंगठा घ्यायला शाईची डबी पुढं केली, तर तिनं ती बाजूला सारली आणि पेन मागितलं. "पोट्टीनं शिकवलं." कागद मी धरला. तिनं दात-ओठ खात एकेक अक्षर काढलं, दुसरं जरा मोठं झालं, तिसरं ओळीच्या खाली गेलं. मग कागद माझ्याकडं सरकवून म्हणाली, "पाहून सांग, बरोबर लिवलं न?"

मी वाचून दाखवलं. तिचं नाव, तीन अक्षरं. हे पत्र काही मी कुठल्या पेटीत टाकणार नाही, पण एवढं सांगते. त्या दिवशी ओसरीवर तिनं मला हेच लिहायला सांगितलं होतं, माय. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून गंमत करायला मी त्या पोराचं लिहिलं. तू सगळ्या आळीसमोर तिला जे बोललीस ते माझ्या वाट्याचं होतं.