निम्म्या वाटेत बंद पडणारी फटफटी

प्रिय नाना,

तुमची फटफटी का बंद पडायची, ते काल कळलं. तुम्हाला जाऊन तीन महिने झाले आणि काल कळलं! आता सांगू कुणाला? म्हणून लिहायला बसले.

एसटीच्या डेपोतून निवृत्त झाल्यावर तुम्ही ती गाडी नव्याने उभी केलीत. माझ्या जन्माआधीची, मागच्या पडवीत गंजत पडलेली. इंजिन खोलून एकेक भाग रॉकेलमध्ये धुतलात, आईचे डबे नट-बोल्टांनी भरलेत. आई चिडली की म्हणायचात, भाऊबीजेला हिच्यावरून वेल्ह्याला बहिणीच्या दारात जायचंय.

गेलात का पण? दोन वर्षं तेच. भाटघर मागे पडलं, चढ लागला की गाडी गचके देऊन बंद. तुम्ही टाकीचं झाकण उघडून पेट्रोल बघायचात, झाकण लावून किक मारली की सुरू, आणि थोडं पुढे गेलं की परत बंद. दोन्ही वेळा टेम्पोत घालून न्यावी लागली.

दुसऱ्या वर्षी आत्याने ओवाळताना सगळ्यांसमोर चेष्टा केली, "दादा, डेपोत गाड्या अशाच जोडत हुतास व्हय?" सगळे हसले. मीही हसले. हसलात तुम्हीही, पण परत येताना टेम्पोत मला हळूच म्हणालात, "सुमे, माझ्या हाताचं आता खरं न्हाई. म्याच कुठंतरी चुकतोय."

त्यानंतर कॉइल बदललीत, कार्बोरेटर चार वेळा साफ केलात, प्लग तर किती! इंजिन जोडण्यातच चूक झाली, असं धरून बसलात. मग एक दिवस पाने पुसून पेटीत ठेवलेत. शेजारचे स्कूटर घेऊन आले, तर त्यांनाही दुसरीकडे जा म्हणालात. मला वाटलं, वयाने कंटाळलात. किती सोयीचं वाटून घेतलं मी!

काल गाडी विकायच्या आधी दाखवावी म्हणून भोरच्या अमीनभाई मेकॅनिकना बोलावलं. ते चालवायला, मी मागे. त्याच चढाला बंद पडली. त्यांनी झाकण सैल केलं, तशी फस्स करून हवा आत ओढली गेली. झाकण उलटं करून ते बघत राहिले. म्हणाले, याला हवेसाठी बारीक भोक असतं, ते कुणी बुजवलं? टाकीत हवाच जात नाही, तर पेट्रोल खाली उतरणार कसं?

मीच बुजवलं, नाना. गाडी जोडून होत आली, तेव्हा तुमच्या वाढदिवसाला मी टाकी रंगवून आणली होती, आठवतं? झाकणाला भोक दिसलं. आपल्याकडचा पाऊस, पाणी आत जाईल, म्हणून गळक्या भांड्याला लावतात तसा डाक लावून घेतला आणि वरून चकचकीत करून दिलं. तुम्हाला सांगितलंही नाही. तुम्ही अख्खी गाडी तपासलीत, फक्त लेकीने दिलेलं झाकण तेवढं तपासलं नाहीत. एवढा कसला विश्वास? एकदा उलटं करून बघायचं होतंत, मला दोन शिव्या घालायच्या होत्यात!

अमीनभाईंनी झाकण सैलच ठेवलं. गाडी वेल्ह्यापर्यंत कुठेही थांबली नाही. उतरल्यावर ते म्हणाले, "ताई, नानांनी इंजिन एक नंबर बांधलंय. त्याला पेट्रोलच मिळत नव्हतं." एसटीची वाट बघणाऱ्या बायकांसमोर मी रडले.

आत्याचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. पण गेले नाही. धीर झाला नाही.

पुढच्या आठवड्यात भाऊबीज. भाऊ नसलेल्या बायका चंद्राला ओवाळतात, तशी यंदा आत्याही ओवाळेल. मी गाडी विकणार नाही. तिच्यावरूनच वेल्ह्याला जाईन आणि त्या दिवशी जे जे हसले होते, त्या सगळ्यांना समोर बसवून सांगेन की नानांच्या हाताचं काम चोख होतं, चूक माझी होती. तुम्ही स्वतःला दोष देत गेलात, आणि तुम्हाला आता या सांगण्याचा काही उपयोग नाही, हे मला कळतं. तरी सांगेन, नाना.

तुमची,
सुमी