देवाच्या नावाची माफी

मी, तुकाबाई जानकू कोळपे, वय त्र्याहत्तर, राहणार खडकमाळ, लोणीजवळ, तालुका आंबेगाव. डोळ्यांना कमी दिसतं, डोकं शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र लिहून ठेवायला कुणी भाग पाडलेलं नाही. लिहू नये म्हणून मात्र माझ्या मुलाने प्रयत्न केले.

१. राहतं घर, दोन खोल्या, मुलगी रोहिणीला. घरपट्टी तिने वेळेत भरावी. एक वर्ष मी आजारी होते, पट्टी राहिली, तर पंचायतीने माझा नळ तोडला.

२. बिरोबाच्या देवळाशेजारची वीस गुंठे जमीन मी व माझे पती यांनी पंचवीस वर्षांपूर्वी देवस्थानाला दान दिली. मेंढरं घेऊन येणाऱ्यांना सावली व्हावी, एवढीच इच्छा. पती वारल्यावर मुलगा गोकुळ ट्रस्टचा अध्यक्ष झाला. त्याने तिथे लग्नाचा हॉल बांधला, रस्त्याकडेला सहा गाळे काढले. मेंढक्यांना आता वॉचमन हाकलतो. दान परत घेता येत नाही, असं वकील म्हणाले. म्हणून मला पश्चात्ताप झाला, एवढंच इथे नोंदवते.

रोहिणीची मुलगी आरती हिचं लग्न त्याच हॉलमध्ये झालं. भाडं पूर्ण घेतलं, पावतीवर 'देणगी' लिहिलं. मी म्हटलं, "हे भाडं हाये, देणगी न्हाई." गोकुळ म्हणाला, "आई, भाडं लिवलं की कर लागतो. देवाचा पैसा हाये ह्यो."

पुढच्या ग्रामसभेत अंगणवाडीच्या खोलीचा विषय निघाला. पोरं पत्र्याच्या पडवीत बसतात. ग्रामसेवक म्हणाले, वसुलीच नाही, बांधायचं कशातून. हॉल आणि गाळे देवस्थानाच्या नावावर, म्हणून त्यांना पट्टी माफ आहे. मी उभी राहिले. "देवळाला माफी द्या. दिव्याच्या तेलावर कोन कर मागतंय? पर हॉलला आन् गाळ्यांना कशापायी?"

गोकुळ म्हणाला, "म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय. माईक घ्या तिच्याकडनं."

घेतला. ग्रामसेवकांनी पुढचा विषय काढला.

३. हॉलला लागून माझे बारा गुंठे उरले आहेत, सातबारा माझ्या एकटीच्या नावावर. गोकुळला ते पार्किंगला हवेत. ते मी अंगणवाडीसाठी पंचायतीला देते. तिथे देऊळ, सभामंडप, कमान, काहीही उभारू नये.

४. गोकुळला त्याच्या वडिलांची लोकर कातरायची कात्री. तिच्यावर त्याचं कॉलेज झालं. दुसरं काही नाही.

५. माझ्या दहाव्याचं जेवण हॉलमध्ये ठेवू नये.

सून वैजयंतीकडून हे सगळं वाचून घेतलं. वाचून झाल्यावर तिने पेन मागितलं. मी म्हटलं, "गोकुळ तुला लई बोलंल."

ती म्हणाली, "बोलू द्या, आत्या. मला यातलं काय मिळत न्हाई, मग साक्षीला मी चालते."

तुकाबाई जानकू कोळपे (डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार:
१. सुदर्शन बबन टेमकर, निवृत्त शिक्षक (सही)
२. वैजयंती गोकुळ कोळपे (सही)

खडकमाळ, ११ फेब्रुवारी २०२५