कमी बोलण्याचं माझं तंत्र

सोमवार, ३ जुलै
तीन दिवसांचं ट्रेनिंग संपलं. सार एवढंच की शिक्षकानं कमी बोलायचं, मुलांनी जास्त. पस्तीस मिनिटांच्या तासात शिक्षकाची फक्त दहा मिनिटं. हे सांगायला ट्रेनर दोन दिवस सलग बोलत होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, शंका विचारा. मी एकच विचारली. ती विचारून होईपर्यंत जेवणाची सुट्टी अर्धी संपली होती. बाकीचे शिक्षक माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होते ती आदराची असावी.
मला हे जमेल. मूळचा मी मितभाषीच आहे.

मंगळवार, ४ जुलै
मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावलं. २० तारखेला त्या माझा तास बघायला बसणार. त्यावर ठरणार की पुढच्या सत्रात दहावीचं विज्ञान माझ्याकडे राहील की नव्या बाईंकडे जाईल.
चौदा वर्षं दहावी माझी आहे. कोपऱ्यावरचा केस कापणारासुद्धा मला ‘दहावीचे सर’ म्हणतो आणि रांग मोडून खुर्चीत बसवतो. उद्या ‘सहावीचे सर’ झालो तर बसा बाकड्यावर पेपर वाचत.
नव्या बाईंना शाळेत येऊन जेमतेम वर्ष झालंय. त्यांच्या वर्गातून सतत गोंगाट येतो. आत मुलं बोलत असतात. हे म्हणे शिकणं.

बुधवार, ५ जुलै
प्रयोग सुरू. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, तिला सगळे ‘घड्याळ’ म्हणतात, कारण बेल व्हायच्या बरोब्बर आधी तिचं दप्तर भरलेलं असतं. तिच्या हाती स्टॉपवॉच दिलं. मी बोलायला लागलो की चालू, थांबलो की बंद.
आजचा आकडा ३३. पण त्यातली बावीस मिनिटं मी यापुढे कमी का बोलणार आहे हे समजावण्यात गेली. ती धरायची नसतात. उरली अकरा. पहिल्याच दिवशी एका मिनिटानं हुकलं. राहिलेल्या दोन मिनिटांत मुलांनी हजेरी दिली. सहभाग शंभर टक्के.

शुक्रवार, ७ जुलै
३१. आकडा फसवा आहे. मी चौदा प्रश्न विचारले. मुलांनी उत्तरं दिली नाहीत म्हणून मी दिली. म्हणजे मुलांच्या वतीनं दिली. तो वेळ मुलांच्या बाजूला धरायला हवा, असं ‘घड्याळ’ला समजावलं.
ती म्हणाली, “सर, पण आवाज तुमचा होता.”
मुलगी हुशार आहे. बारकावे कळायला वेळ लागेल.

रविवार, ९ जुलै
ट्रेनिंगच्या नोट्स चाळल्या. प्रश्न विचारल्यावर सात सेकंद थांबायचं असतं. घरी सराव केला. बायकोला विचारलं, माझा निळा शर्ट कुठाय? आणि थांबलो. सात सेकंद झाले, ती काही बोलली नाही. शेवटी मीच शोधला. कपाटात, माझ्याच खणात होता. ती म्हणाली, जमलं की. हिनं कुठलं ट्रेनिंग घेतलंय?
ती फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर लोकांना हात वर करायला लावते. चहा घेताना म्हणाली, “पेशंटचा हात मीच उचलत बसले, तर व्यायाम माझ्या खांद्याला होईल, त्याच्या नाही.”
विषय काय चालला होता आणि ही कुठे गेली.

सोमवार, १० जुलै
सात सेकंद फार मोठे असतात, हे ट्रेनरनं सांगितलं नव्हतं. मनात सातपर्यंत मोजलं आणि उत्तर सांगून टाकलं. ‘घड्याळ’चं म्हणणं, दोनच झाले होते. असेल. विज्ञानाच्या माणसाचं डोकं भरभर चालतं.
३०. उतार स्पष्ट दिसतोय.

बुधवार, १२ जुलै
आज गटकार्य. सात-सात मुलांचे सहा गट केले. फळ्यासमोर फक्त पाच मिनिटं बोललो. मग प्रत्येक गटाजवळ जाऊन चार-चार मिनिटं नीट समजावलं. घरी येऊन बायकोला अभिमानानं सांगितलं, पाच!
‘घड्याळ’नं २९ लावले. सहा चोक चोवीस अधिक पाच. आता कोणत्याही एका मुलानं मला नऊ मिनिटांपेक्षा जास्त ऐकलेलं नाही, हे साधं गणित तिला पटेना. हल्लीची मुलं हट्टी.

शुक्रवार, १४ जुलै
ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.
प्रत्येक गटाला सेल, दोन बल्ब आणि वायरी दिल्या. काम असं की दोन्ही बल्ब अशा रीतीनं पेटवा की एक काढला तरी दुसरा विझणार नाही. मी सूचना द्यायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच मिनिटाला शिपाईमामा दारात. ऑफिसात बोलावलंय.
मुख्याध्यापिकाबाईंना वेळापत्रकातली एक चौकट विचारायची होती. त्या निमित्तानं त्यांना कमी बोलण्याचा माझा प्रयोग पहिल्यापासून सांगितला. त्या दोन-तीनदा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होत्या. वेळेचं महत्त्व त्यांनाही पटलेलं दिसलं.
परत आलो तर सहाही गटांचे बल्ब पेटलेले. वर्ग डोक्यावर घेतलेला. एक मुलगा तर फळ्यावर आकृती काढून शेजारच्या गटाला समजावत होता, तेही माझ्या खडूनं. तत्त्व न कळता पेटवलेला बल्ब काय कामाचा? सगळ्यांना वायरी सोडायला लावल्या आणि म्हणालो, आधी मी समजावतो. सहा मिनिटांत बेल झाली.
आजचा आकडा ९. नऊ! दहाच्या आत. तंत्र हाती आलं.

मंगळवार, १८ जुलै
काल या धड्याची चाचणी घेतली, आज पेपर तपासले. बल्बच्या जोडणीचा प्रश्न बेचाळीसपैकी एकोणचाळीस जणांचा बरोबर. ओहमचा नियम, जो मी चार तास समजावला, तो अकरा जणांचा बरोबर.
निष्कर्ष दोन. एक, ओहमच्या नियमाला पाचवा तास द्यायला हवा. दोन, शेवटच्या सहा मिनिटांतही माणूस किती परिणामकारक शिकवू शकतो.

गुरुवार, २० जुलै
सकाळी ७. आज आठ मिनिटांत आटपायचं. आरशासमोर तोंड मिटून उभं राहण्याचा सराव केला. बायको म्हणाली, बरे दिसता असे.
दुपारी ४. मुख्याध्यापिकाबाई मागच्या बाकावर बसल्या. सोबत नव्या बाईपण. सुरुवात झकास. तीन मिनिटं बोललो, काम दिलं आणि हाताची घडी घालून खिडकीपाशी उभा राहिलो. दात आवळून. मुलं आपापसांत बोलत होती, वायरी जोडत होती.
मग मुख्याध्यापिकाबाईंनी एका मुलाला विचारलं, दोन बल्ब एकामागोमाग एक जोडले तर मंद का होतात? त्यानं अगदी बरोबर सांगितलं. मला फक्त ‘बरोबर’ म्हणायचं होतं. ‘बरोबर’ म्हटल्यावर ‘का बरोबर’ हे ओघानंच आलं. मध्ये एकदा बाईंनी हात वर केला, तेव्हा मी त्यांना शंका शेवटी घेऊ असं म्हणालो. हे नंतर आठवलं.
२७.

शुक्रवार, २१ जुलै
मुख्याध्यापिकाबाईंनी मुलांना चिठ्ठ्या वाटल्या. या धड्यातलं सगळ्यात नीट काय कळलं आणि ते कसं कळलं, एवढंच लिहायचं. नाव नको. मी निश्चिंत आहे. कालचं जरा लांबलं, पण मुलं खरं काय ते लिहितील.

सोमवार, २४ जुलै
मुलांनी खरं काय ते लिहिलं.
बाईंनी चिठ्ठ्या माझ्यासमोर ठेवल्या. बेचाळीसपैकी चाळीस जणांना बल्बची जोडणी नीट कळलेली. कसं कळलं? ‘सर ऑफिसात गेले होते तेव्हा.’ पुढची चिठ्ठी, तेच. त्याच्या पुढची, ‘कोणी सांगणारं नव्हतं म्हणून करून बघितलं.’ एकानं लिहिलं होतं, ‘सर खूप चांगले आहेत. त्यांना अजून एकदा बोलवाल का?’
सगळ्या वाचल्या. बराच वेळ मला बोलायला काही सुचलं नाही. असं झाल्याचं आठवत नाही.
बाई म्हणाल्या, “सर, दहावी तुमच्याकडेच राहील. या मुलांसाठी तुमच्याइतकं कोणी झटत नाही. फक्त दर गुरुवारी साहित्य द्यायचं, काम सांगायचं आणि तास संपेपर्यंत बाहेर बसायचं.”
कल्पना नव्या बाईंची. त्या जिन्यात भेटल्या. म्हणाल्या की आधीच्या शाळेत त्यांनाही वर्षभर असंच बाहेर बसवलं होतं, पहिले दोन महिने फार जड जातात. मला बरं वाटलं. का, ते कळलं नाही.

गुरुवार, २७ जुलै
साहित्य दिलं. काम सांगितलं, दोन वाक्यांत. व्हरांड्यातल्या बाकावर बसलो.
दहा मिनिटांनी आतून एका मुलाचा आवाज आला, जास्त बल्ब लावले की वीज संपत जाते. साफ चूक. मी उठलो. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, “संपत नाही रे. सगळ्यांची वाट एकच आहे म्हणून अडखळते. प्रत्येकाला वेगळी वाट करून दे, बघ.” मग थोडी शांतता, मग सगळे एकदम ओरडले. पेटला असणार.
याच मुद्द्याला मी एक अख्खा तास घेतो. तिचं विवेचन तसं अपुरं होतं. नेमकं काय राहिलं ते मात्र बेलपर्यंत सापडलं नाही.
पस्तीस मिनिटांत शंका विचारायला एकही मूल बाहेर आलं नाही. तरी मी आत गेलो नाही. चोवीस वर्षांच्या नोकरीत एवढा संयम मी पहिल्यांदा दाखवला, याची इथे नोंद करतो.
दाराला आतून कडी होती.