वाणात दिलेले मास्क

१९ जानेवारी
दोन कंपन्यांना एकाच मापाने मोजलं की न्याय होतो का? दिवाळीपासून हीच नोकरी करते आहे, पण मला अजून सांगता येत नाही.

आज कच्चे गुण दिले. र. जिनिंग आणि म. जिनिंग, कापसातून सरकी काढून रुई करणाऱ्या, दोन्ही कळंब रस्त्यावरच्या. कापडाच्या एका मोठ्या कंपनीला हवं आहे की पाणी, वीज, माणसं यांची कमी नासाडी करून रुई कोण देतं. आमचं पुण्याचं ऑफिस गुण देतं, इथले मी भरते. पहिली येईल तिला पुढच्या हंगामाचं काम. पाण्या-विजेत दोघी सारख्याच. 'महिला कामगारांची सुरक्षा' यात र. ला पैकीच्या पैकी. मास्क वाटपाचा फोटो, रांगेत हसणाऱ्या बाया. म. कडे फोटो नाही, म्हणून शून्य.

र. पहिली. आई तिथेच कापसातला कचरा वेचते. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

२० जाने.
आई खोकतच घरी आली. यंदा बोंडअळीने कापूस कवडी झालाय, किडका आणि पिवळट. काडीकचरा जास्त, धूळ जास्त. म्हटलं, मास्क लावत जा ना.
"कोनता मास्क?"
"वाटले ना तुमच्याकडे."
"ते वाणात देल्ले व. मॅनेजरच्या बायकोचं हळदीकुंकू होतं. मी कायले जाऊ तिथं?"
आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्याकडे हळदीकुंकू नाही. मुकादमाला माहीत आहे, तो आमच्या वस्तीतल्या बायांना बोलावतही नाही. आईच्या शेजारी वेचणाऱ्या सुमनमावशीलाही मास्क नाही, कारण तिचे यजमान वारले.
"मग मागून का नाही घेतला?"
"वाण कोनी मांगून घेते का?" हसली, अन् पुन्हा खोकली.

२२ जाने.
प्रत्यक्ष भेटी. आधी र.
मॅनेजर म्हणाले, "दर साली वाटी देतो मॅडम. यंदा म्हटलं कामाची चीज देऊ. बाया खूश."
"ज्या आल्या नाहीत त्यांचं काय?"
"आता कोनाच्या धरमात आपन काहून पडाव?"
"धूळ तर त्यांच्याही नाकात जाते."
त्यांनी तिळगुळाची डबी पुढे केली. घेतला नाही.

मग म. वेचणीच्या शेडमध्ये धूळ ओढून बाहेर टाकणारा पंखा आहे, बायांच्या डोक्यावरच. खाली बराच वेळ उभी राहिले, शिंक आली नाही. मालक म्हातारे आहेत. विचारलं, काका, याचा फोटो का नाही पाठवला?
"कायचा काढू बाई, हवेचा?"

२३ जाने.
सरांना पुण्याला फोन. सगळं सांगितलं. म्हणाले, "पुरावा म्हणजे फोटो. वाटप झालं की झालं, कुठल्या कार्यक्रमात झालं ते आपण पाहत नाही. आणि तुझी आई तिथे आहे, हे विसरू नकोस."
रुजू होताना मीच सांगितलं होतं. तेव्हा म्हणाले होते, उलट बरं, ओळख उपयोगी पडेल.
पुढच्या महिन्यात मला कायम करायचं आहे, याचीही आठवण दिली. अगदी हळू आवाजात.

आईसाठी करते आहे का मी हे? हो, थोडं आईसाठीच. म्हणून ते खोटं होतं का. सुमनमावशी तर माझी कोणी लागतही नाही...

जाऊ दे. राग आलाय, आणि तो मला हवा आहे.

२४ जाने.
आईला सांगितलं.
"माहं नाव नोको लिहू. मुकादम उद्याच काढून टाकन."
नाही लिहिणार. मावशीचंही नाही.
"अन् तुही नोकरी?"
"बघू."
"बघू म्हनते. कालेजात एवढंच शिकवलं का तुले? त्यापरीस दोन मास्क आनून दे आमाले, भागून जाते."
आणून देईन. पण मग ते र. च्या गुणांत मोजायचे का, असं विचारलं. आई भाकरी जोरजोरात थापून राह्यली होती.

२५ जाने.
र. चे सुरक्षेचे गुण कापले. म. ला पंख्याचे दिले, फोटोच्या जागी लिहिलं, 'स्वतः उभी राहून पाहिलं'. म. पहिली. शेरा: मास्क कामावरच्या सगळ्या बायांना मिळाले नाहीत, धार्मिक कार्यक्रमात आलेल्यांनाच मिळाले. र. मध्ये माझी आई काम करते, हेही खाली लिहिलं. ते दुसऱ्या कुणी काढण्याआधी मीच. मग माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

सरांना दाखवलं नाही. ऑफिस उघडायच्या आधीच पुण्याला पाठवलं, आणि त्याच वेळी कापडवाल्या कंपनीलाही. आता मागे घेता येत नाही.

आई डबा घेऊन र. ला गेली आहे. सरांचे दोन फोन येऊन गेले, तेव्हा मी अंघोळीला होते. तिसरा आला की घेईन.