शेजारचे दात

कळंबा, कोल्हापूर
८ जानेवारी

प्रिय जोतीराम,

आधी जोत्या असं लिहिलं होतं, मग खोडलं. बावीस वर्षांनी एकदम जोत्या म्हणायचं धाडस झालं नाही. तुझा फोन नंबर मिळाला होता. पण सध्या माझ्या तोंडातून स नीट निघत नाही, शिट्टी वाजते. आणि तसंही फोनवर आपण दोघं ‘बरं हाय का’, ‘बरं हाय’ एवढंच बोललो असतो. हंबीररावांच्या बँडची पत्रं तेव्हा मीच लिहायचो, त्यामुळे अक्षर तू ओळखशील.

माझे वरचे, समोरचे दोन दात गेले. वयानं नाही. तुळशीचं लग्न झाल्यावरची पहिलीच वरात होती, उचगावला. नवऱ्याचा मामा उलटा नाचत आला आणि त्याची पाठ माझ्या क्लॅरोनेटवर आदळली. वाद्याला काही झालं नाही. माझा एक दात मुळासकट रस्त्यावर पडला, दुसरा हिरडीशी मोडला. मामा घाबरला. खाली बसून, नाचणाऱ्यांच्या पायांतून त्यानं दात शोधून काढला आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. म्हणाला, “पावणं, ह्यो तुमचाच काय?” तोंडात रुमाल कोंबलेला होता तरी मला हसू आलं. बँड थांबला नाही. ट्रंपेटनं चाल उचलली. पुढं उपचाराचा सगळा भार मामानं हट्टानं अंगावर घेतला, त्यामुळे तो विषय इथंच सोडतो.

राजारामपुरीत राजनंदिनी म्हणून दातांच्या डॉक्टर आहेत. माझ्या मुलीच्या वयाच्या. मोडलेल्या दाताचं मूळ त्यांनी काढलं आणि मग दोन रस्ते समोर ठेवले. पहिला ब्रिजचा. गेलेल्या दातांच्या दोन्ही बाजूंचे दात चारी अंगांनी घासून बारीक करायचे, त्यांच्यावर टोप्या बसवायच्या आणि मधले दोन खोटे दात त्या टोप्यांना जोडायचे. चारही मिळून एकच तुकडा. तात्पुरता ब्रिज पंधरा दिवसांत, पक्का नंतर. दुसरा इम्प्लांटचा. हाडात दोन पेच बसवायचे, हाड ते धरेपर्यंत चार-पाच महिने थांबायचं आणि मग त्यांच्यावर दात चढवायचे. शेजारच्या दातांना हात लागत नाही. पण तेवढे महिने फुंकायचं नाही. म्हणजे सगळी लग्नसराई गेली.

घरी सांगितलं तर सुलतानबी म्हणाली, “पूल पंचगंगेवर असतोय. तोंडात कशाला? पूर येणार हाय का तुमच्या तोंडाला?” बावीस वर्षांत तिची जीभ काही मऊ झालेली नाही, हे तुला कळवावंसं वाटलं. हंबीरराव मात्र ब्रिजच्या बाजूचे. बँडचे मालक, त्यांना पुढच्या सुपाऱ्या दिसत होत्या. “पूल बांध आणि पंधरा दिसांत उभा ऱ्हा की. दात काय, दाखवायला तर असत्यात.”

दाखवायला असते तर मी एका दिवसात ठरवलं असतं. तुला हे सांगायला नको, पण डॉक्टरांना सांगावं लागलं. मी क्लॅरोनेट दवाखान्यात घेऊन गेलो. माउथपीसवर वरच्या बाजूला माझ्या त्या दोन दातांनी चाळीस वर्षांत दोन खळगे पाडलेत. त्यांनी त्यांवर बोट फिरवून पाहिलं. मी म्हणालो, माउथपीसची पत्ती खाली थरथरते आणि ती थरथर वरच्या दातांतून डोक्यात जाते. सूर उतरतोय हे कानाच्या आधी दाताला कळतं. त्या म्हणाल्या, “काका, आपल्या दाताभोवती मऊ गादीसारखा एक पडदा असतो. दाब त्याला कळतो. इम्प्लांटला तो पडदा नसतो, तो थेट हाडात बसतो. भार सोसेल, पण पहिल्यासारखं सांगेल असं मी म्हणणार नाही. ब्रिज तुमच्या जिवंत दातांवर उभा राहील, त्यामुळे थोडंफार पोचेल. पण त्यासाठी मला दोन चांगले दात कापावे लागतील. आणि पुढं त्यांतला एक गेला, तर चारही गेले.” मी विचारलं, तुमचं मत काय? त्या म्हणाल्या, “मी वाजवत नाही हो. सूर कुठल्या दाताला कळतो हे माझ्या पुस्तकात नाही.”

मला ती बाई आवडली. माहीत नाही ते माहीत नाही म्हणाली.

म्हणजे बघ, सगळं ब्रिजच्या बाजूचं होतं. हंगाम वाचत होता, सूर बराचसा वाचत होता. मी हो म्हणायलाच गेलो होतो. खुर्चीत बसल्यावर आरसा मागितला आणि ते दोन दात पाहिले, बाजूचे. पांढरे नव्हते, चांगले होते. ह्यांनी कुणाचं काय बिघडवलंय, असं माझ्या तोंडून निघून गेलं. डॉक्टरांना वाटलं मी घाबरलो. विचार करून या म्हणाल्या.

दातांचा आणि तुझा काही संबंध नाही, एवढं मला कळतं. तरी त्या आठवड्यात मला तूच आठवत होतास. तू भातमळणीला गावी, शाहूवाडीला गेलास ते पाच दिवस. पन्हाळ्याच्या लग्नात हंबीरराव म्हणाले, अमीन, आज पुढचं क्लॅरोनेट तू घे. मी घेतलं. चांगलं वाजलं, खोटं कशाला सांगू. तू परत आलास, तेव्हा मी तुझ्या जागेवर उभा होतो. डावीकडं, माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलास आणि अख्खा हंगाम दुसरं क्लॅरोनेट वाजवलंस. मी एकदा ‘ये, ही तुझी जागा’ म्हणालो असतो, तर पुरलं असतं. रोज म्हणणार होतो. हंगाम संपल्यावर तू सांगितलंस, भात कुणीतरी बघायला पाहिजे, आणि गेलास. भात त्याआधी तुझा भाऊ बघत होता, हे मला माहीत होतं. शेजाऱ्याला कापून स्वतः उभं राहायचं हे मी एकदा केलंय. पुन्हा करावंसं वाटलं नाही, दातांच्या बाबतीतसुद्धा.

तर पेच बसवून घेतले. महिना झाला. दुखलं नाही फार. समोर लावायला काढता-घालता येणारे दोन दात दिलेत, ते घातले की सुलतानबी मला नवरदेव म्हणते. भाकरी तांबड्या रश्शात भिजवून खातो. सकाळी तलावाच्या कडेनं चालतो. वाजवायचं नाही म्हटल्यावर मी कासावीस होईन असं सगळ्यांना वाटलं होतं. मलाही. पण तसं झालं नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी रस्त्याच्या कडेला उभा राहून आपला बँड ऐकला. ट्रंपेटवाला बरं वाजवतोय. पण ओरडतोय. त्याच्या खाली कुणी नाही. तू गेल्यावर दुसरं क्लॅरोनेट आलंच नाही, आणि ते कमी आहे हे मला पुढं उभं राहून कधी ऐकू आलं नव्हतं. मग डॉक्टरांना विचारलं, नवे दात बसल्यावर मी वाजवणार कसा? त्या म्हणाल्या, ओठ आणि कान काम वाटून घेतील, सवय होईल. मला ते पटलं. फक्त, कानानं वाजवायचं तर कान द्यायला शेजारी कुणीतरी हवं.

परवा हंबीररावांकडं गेलो. म्हणालो, जोतीरामला विचारू का? ते म्हणाले, “विचार की. गावच्या भजनात अजून वाजवतोय म्हणं. आणि दात असं, की ऊस सोलून खातोय. त्याची जागा काय कुणी खाल्ली न्हाय.” मी म्हणालो, मी खाल्ली. हंबीरराव म्हणाले, “मग दात त्यामुळंच पडलं असतील.” आणि इतके हसले की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. कुणाला तरी सांगून झालं होतं.

म्हणून हे पत्र. चार महिन्यांची बदली म्हणून मी तुला बोलवत नाही. पुढची जागा तू घे आणि ठेव. माझे दात मे महिन्यात बसतील, नंतर महिनाभर मी घरी सराव करीन आणि मग तुझ्या डावीकडं उभा राहीन. ते उपकार म्हणून नाही. माझ्या नव्या दातांना सूर उतरलेला कळणार नाही, तुझ्याकडून कळेल. अकरा फेब्रुवारीला मलकापूरची सुपारी आहे. गाडी तुझ्या फाट्यावरूनच जाते, सकाळी साडेनऊच्या सुमारास. ड्रायव्हरला तिथं थांबायला सांगितलंय. मी गाडीत असेन, वाद्याशिवाय. तू उभा असलास तर पुढची सीट रिकामी आहे. नसलास तर हॉर्न वाजवणार नाही. पाच मिनिटं थांबू आणि पुढं जाऊ, आणि पुढच्या सुपारीला पुन्हा थांबू. मलकापूरची वाट आम्हाला लग्नसराईत सात वेळा आहे.

मानलंस तर तुझाच,
अमीन